तुरळक ठिकाणी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हणजे स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, वार्षिक सहल हे सगळं यायला हवं. ते इतर लिहितीलच. मला बाईंबद्दल लिहायचंय. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की विज्ञानाच्याच, हे आमच्या वेळच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आठवीतला जुलै. प्रार्थनेला निम्मा वर्ग चिंब भिजून आलेला. त्या दिवशीच्या पेपरात होतं, ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस.’ मागच्या बाकावरून शेरा आला, “तुरळक म्हणे! वेधशाळेचं कधी खरं झालंय?” वर्ग हसला. बाईंनी पुस्तक मिटलं, शिपाईमामांकडून पेपर मागवला आणि एकेकाला उभं करून विचारलं, तुरळक म्हणजे काय? थोडासा. बारीक. भुरभुर.

“मग त्याच ओळीत मुसळधार कसा लिहितील रे? छापणाऱ्याला वेड लागलंय?”

फळ्यावर ओळ लिहून त्यांनी ‘तुरळक’ आणि ‘ठिकाणी’ या दोन शब्दांखाली मिळून एकच रेघ ओढली. तुरळक आहेत ती ठिकाणं, पाऊस नव्हे. पडेल तिथे झोडपून काढेल, शेजारच्या गावात रस्ताही ओला होणार नाही. हवामान खात्याच्या लेखी ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, आणि ‘मुसळधार’ म्हणवून घ्यायला २४ तासांत निदान ६४.५ मिलिमीटर पडावा लागतो. हे आकडे मला फार पुढे कळले. शिमला ऑफिसवरून रोज सायकल मारणाऱ्या आम्हा पोरांना (खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, त्यावरून हे नाव) आत बसलेली माणसं मोजूनमापून शब्द वापरतात, याची कल्पनाच नव्हती.

त्या तासाला भौतिकशास्त्राचा धडा राहिलाच. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला शंभर पानी वही करायला लावली, ‘ओळखीच्या शब्दांची’. “अवघड शब्द स्वतःच सांगतो, माझा अर्थ बघ म्हणून. ओळखीचा गप्प बसतो आणि फसवतो,” असं त्या म्हणायच्या. त्या वहीत कार्य, बल, शक्ती, चाल, वेग, वजन असे शब्द गेले. दप्तर पाठीला लावून तासभर एका जागी उभं राहिलं तर घाम येईल, पण दप्तरावर कार्य शून्य, कारण विस्थापन नाही. मंडईत वजन किलोत आणि परीक्षेत न्यूटनमध्ये. हे मार्कांसाठी पाठ सगळेच करतात. बाईंचं म्हणणं, धडा वाचताना हा शब्द इथे घरचा आहे की शास्त्राचा, हे प्रत्येक वाक्याला विचारायचं.

मी पुढे संख्याशास्त्र घेतलं आणि औषधांच्या चाचण्यांचे अहवाल तपासण्यात सगळी नोकरी सरली. विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो, हेही जाता जाता सांगून टाकतो. तिथे सगळी मारामारी एका शब्दाची, ‘सिग्निफिकंट’. मराठीत आपण बिनधास्त ‘लक्षणीय’ लिहितो. आता, हजारो रुग्णांवरच्या चाचणीत गोळीने रक्तदाब सरासरी एका अंकाने उतरला, तरी तो फरक संख्याशास्त्रात सिग्निफिकंट ठरू शकतो. त्याचा अर्थ इतकाच, की गोळीचा काहीच परिणाम नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसणं अवघड होतं. रुग्णाला मात्र एका अंकाने काय फरक पडणार? जाहिरात करणारे पहिल्या अर्थाचा शब्द उचलून दुसऱ्या अर्थाने छापतात. मीटिंगमध्ये तरुण डॉक्टर चिडायचे, की हा माणूस एका विशेषणावर अर्धा तास घालवतो. बाईंनी अख्खा तास घालवला असता.

आता प्रयोगशाळेच्या जागी पार्किंग आहे आणि वर्गात डिजिटल फळा. विज्ञान सेमी-इंग्रजीतून, त्यामुळे ‘वर्क’ची व्याख्या मुलं धडाधड म्हणतात; तो शब्द घरच्या कामापेक्षा वेगळा आहे हे त्यांना जाणवत असेल का, मला शंका आहे. नव्या शिक्षकांना माझं बोलणं जुनाट वाटेल. वाटू दे.

माझी वही घर बदलताना कुठे गेली कळलं नाही. आमच्या तुकडीतल्या कुणाकडे असेल, तर तिची झेरॉक्स शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. कागदाचा खर्च मी करीन.