भांडलेल्या घराची वंशावळ लवकर सापडते

वंशावळ काढायचीय, सुरुवात कुठनं करू असं कोणी विचारलं की मी सांगतो, आधी भावकीत कोण कोणाशी बोलत नाही ते काढ. लोक हसतात. पण खरंच, गुण्यागोविंदानं राहिलेल्या घरानं कागद मागं ठेवलेलाच नसतो. चार भाऊ एकत्र राहिले, एकत्र कसले, तर उताऱ्यावर फक्त थोरल्याचं नाव आणि पुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बस. बाकीचे तिघं जन्माला आले होते की नाही ते कागदाला माहीतच नाही. आणि ज्या घरात बांधावरनं डोकी फुटली तिथं मात्र वाटणीपत्र, कोर्टातला दावा, दाव्याला जोडलेली वंशावळ, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, सगळं वकिलानं शिस्तीत लिहून ठेवलेलं. आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाचा पत्ता मला असाच एका दाव्यात लागला. घरात त्याचं नाव कधी कोणी काढलंच नव्हतं, का काढलं नव्हतं ते दावा वाचल्यावर कळलं, असो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जिल्हा बेळगाव. इथं हा नाद करायचा तर एका भाषेवर भागत नाही. घरातले सगळ्यात जुने कागद मोडीत, मधले बाळबोध मराठीत, नंतरचे कन्नडमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका तिकडं राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आता आमच्या आज्जीचं माहेर नेमकं चंदगडकडचं, म्हणजे ती जन्मली तेव्हा बेळगाव जिल्हा आणि आता कोल्हापूर, मग जुना कागद कुठं असणार? इकडच्या कचेरीत विचारलं तर "ते तिकडं गेलं असंल की", तिकडं गेलं तर "ते तुमच्याकडंच असणार नव्हं". दोघंही चहा मात्र पाजतात.

२००० च्या सुमारास कर्नाटकाच्या भूमी योजनेत पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कॉम्प्युटरवर चढली ती कन्नडमध्येच. राजकारण काय असेल ते असो, वंशावळ काढणाऱ्यानं कन्नड वाचायला शिकायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, मी बसच्या पाट्या वाचत वाचत शिकलो, नावं आणि आकडे ओळखण्यापुरतं तेवढं पुरतं. मोडीचं काम मोठं. त्यात २०२३ ला महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आलाय, म्हणून मी स्वतःच बसलो शिकायला. सगळं लागलं नाही तरी चालतं, अमका बिन तमका म्हणजे तमक्याचा मुलगा, कोम म्हटलं की बायको, एवढं पकडलं तरी माणसं जुळायला लागतात. साल शकात असेल तर ७८ मिळवायचे, फसली म्हणजे जुनं महसुली साल असेल तर ५९०, एखाद्या वर्षाचा इकडंतिकडं फरक धरायचा.

खरा घोळ नावांचा. आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, त्यामुळं एकाच नावाचा माणूस एका पिढीआड परत हजर, आणि वरवर बघितलं तर वाटतं हा गडी शंभर वर्षं जमीन कसत होता. जन्मतारखेवर तर जाऊच नका, शाळेच्या रजिस्टरात अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला, मास्तरांनी पोराकडं बघून वय ठरवलं की तारीख ती ठरलेलीच. पण नावं बोलतात पण बरं का. धोंडू, दगडू, केरू असं नाव दिसलं की मी वरती जागा सोडतो, कारण आधीची पोरं जगली नसल्याशिवाय बहुतेक आईबाप पोराला असं नाव ठेवत नव्हते. आमच्याकडं एक धोंडू प्लेगच्या वर्षांतला आहे, त्याच्यावर कोण होतं ते कुठंच नाही.

मग हेळवी. आमच्या भागात सुगी झाली की बैलावर बसून हेळवी येतो, दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणतो, नव्या पोरांची नावं वहीत चढवतो, धान्य-पैसे घेतो आणि पुढच्या गावाला. लहानपणी आम्हाला फक्त बैल बघायचा असायचा. गेल्या खेपेला मी त्याला ओसरीवर बसवून म्हटलं, मामा जरा सावकाश म्हणा, लिहून घेतो. तर त्याला सावकाश येईनाच! मधेच थांबवलं की परत पहिल्यापासून. शेवटी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. त्याच्या पिढ्या आणि कोर्टातल्या पिढ्या बऱ्याच जुळल्या, वरच्या दोन-तीन मी कच्च्या पेन्सिलनंच ठेवल्यात. पोरींची नावं विचारली तर म्हणाला, "पोरी दुसऱ्याच्या वहीत जात्यात की."

आणि इथंच सगळ्यांची गाडी अडकते. हेळव्याकडं पोरी नाहीत, उताऱ्यावर नाहीत, भिंतीवर लावायला छापून घेतात त्या वंशवृक्षात तर नाहीतच. १९५६ लाच हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या वाट्याला मुली वारस झाल्या, पुढं कर्नाटकानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाबरोबरीनं धरला. झालं काय, तर भावांना बहिणींच्या सह्या लागायला लागल्या. सबरजिस्ट्रार ऑफिसातनं आमच्या घरातलं एक जुनं हक्कसोडपत्र काढून आणलं तर त्यात आजोबांच्या सगळ्या बहिणी ओळीनं, लग्नानंतरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, वय, आणि खाली डाव्या अंगठ्याचे ठसे. बायकांचा इतका सविस्तर कागद मला दुसरा मिळालेला नाही, आणि तो मिळाला कशात तर आमचा यात काही हक्क नाही असं लिहून देण्यात.

घरी आत्तीला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, म्हणाली, "मोबदला साडीचोळी लिवलंय काय?" मी म्हटलं प्रेमापोटी असं लिहिलंय. "मग साडी पण चुकवली की," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

त्या सासरच्या गावांवरनं मी फोन करत सुटलोय, एक घर गडहिंग्लजला सापडलं, एक हुक्केरीकडं, तिथली पोरं आता घरात कन्नडच बोलतात, पण आज्जी मराठी होती एवढं त्यांना माहीत होतं. सगळ्यांना तक्त्यात घेतलंय, माहेर-सासर दोन्हीसकट. चुलतकाका म्हणतात, "एवढ्या बायका कशाला घातलास, कार्डशीट पुरेना." पुरत नाही हे खरंय. खाली अजून एक चिकटवलाय.