पाणी मुरतंय कुठे?

टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, तव्याला चिकटला, उलथताना फुटला किंवा कुरकुरीत व्हायचं सोडून पिवळट, लिबलिबीत राहिला, की दोष तव्याच्या माथी मारला जातो. पाणी मुरत असतं ते दुसरीकडेच, आणि इथे तर अक्षरशः. घट्ट म्हणून मिळणाऱ्या टोफूतही वजनाच्या ७० ते ८५ टक्के पाणीच असतं. बाहेरची बाजू ओली आहे तोवर ती १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि तेवढ्यात टोफू लालसर होत नाही, नुसता वाफवला जातो.

भरला टोफू, म्हणजे ठोकळे कोरून, आत सारण भरून तळलेला टोफू, करायचा तर ‘फर्म’ म्हणजे घट्ट टोफूच बरा. ‘सिल्कन’ म्हणजे अगदी मऊ टोफू कोरतानाच हातात येतो. फ्रीजरमध्ये गोठवलेला जाळीदार टोफू रश्शात छान लागतो, इथे मात्र तो तेल पीत बसतो. ४०० ग्रॅमच्या लादीचे तीन-चार सेंटिमीटरचे आठ ठोकळे करावेत. वर वजन ठेवून पाणी काढायची रीत सगळ्यांना माहीत आहे. पण वजन जरा कलतं बसलं की लादी एका बाजूने चेपते आणि पुढे कोरताना तिथली भिंत पातळ होते. त्यापेक्षा एक लिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे मीठ घालावं, गॅस बंद करावा आणि ठोकळे पंधरा मिनिटं त्यात सोडावेत. पाणी काढायला पाण्यातच बुडवायचं हे उफराटं वाटेल, पण गरम पाण्यात टोफू आवळतो, आतलं पाणी बाहेर टाकतो आणि मीठही लागतं. मग सुती फडक्यावर वीस मिनिटं निथळू द्यावेत.

कोरण्याचं काम घाईचं नाही. आधी चाकूच्या टोकाने कडेपासून पाऊण सेंटिमीटर आत चौकोन आखायचा, मग छोट्या चमच्याने थोडं थोडं उकरायचं. तळाला एक सेंटिमीटर जाडी हवी. चमचा एकदम खुपसला की चीर कोपऱ्यातच जाते, आणि कोपऱ्याची चीर काही केल्या सांधत नाही.

दक्षिण चीनमधल्या हक्का लोकांच्या स्वयंपाकात भरला टोफू प्रसिद्ध आहे. त्यांचं सारण बहुधा डुकराच्या खिम्याचं. आठ ठोकळ्यांना दीडशे ग्रॅम खिमा पुरतो. त्यात पाव चमचा मीठ, एक चमचा सोया सॉस, किसलेलं आलं, पातीचा कांदा आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. एकाच दिशेने ढवळा असं आवर्जून सांगतात. दिशा कुठलीही चालेल, ढवळणं मात्र सोडू नये. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा भांड्याच्या कडेला चिकटू लागतो. तिथे थांबावं. शाकाहारी सारणात हा चिकटपणा आपोआप येत नाही. शंभर ग्रॅम बारीक चिरलेलं मश्रूम कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत परतायचं आणि गार झाल्यावर त्यात उकरलेला टोफू पिळून मिसळायचा. कॉर्नफ्लोअर इथे दोन मोठे चमचे.

भरण्याआधी खळग्यात कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवावं. हे राहिलं तर तळताना सारण आक्रसतं आणि उलथताच बुचासारखं निघून येतं. सारण काठाच्या किंचित वर ठेवून बोटाने दाबावं. मध्ये हवा राहता कामा नये. बाहेरून कॉर्नफ्लोअर शेवटच्या क्षणी लावायचं, कारण पाच-दहा मिनिटांत ते ओलं होऊन त्याची खळ होते.

पसरट पॅनमध्ये तीन मोठे चमचे तेल, आच मध्यम. आधी सारणाची बाजू खाली. सुरुवातीला जोरात चर्र होतं, मग आवाज उतरतो, बुडबुडे बारीक होतात. साधारण चार मिनिटांत ठोकळा आपसूक सुटतो. त्याआधी कालथा घालण्याचा मोह आवरावा. खिमा असेल तर आता दोन चमचे पाणी शिंपडून चार मिनिटं झाकण ठेवावं, म्हणजे तो मधोमध ७४ अंशांपर्यंत शिजतो. झाकण काढून, पाणी आटल्यावर चमचाभर तेल आणखी सोडून बाकीच्या बाजू दोन-दोन मिनिटं. गर्दी नको, दोन घाणे काढलेले बरे.

काढल्यावर जाळीवर ठेवावेत. ताटात ठेवले तर वाफ खालीच कोंडते. सोया सॉस आणि व्हिनेगर वाटीत वेगळं द्यावं, वर ओतू नये. उरलेच तर दुसऱ्या दिवशी कुरकुरीत करायच्या भानगडीत पडू नये, सरळ आलं-सोया सॉसच्या रश्शात दहा मिनिटं उकळावेत. हक्का घरांतही तळल्यावर ते बरेचदा असेच शिजवतात.