नव्या गाडीचं पहिलं ऑइल

रविवार

पहिली सर्व्हिसिंग घरीच करायची हे मी मोटरसायकल घेतली तेव्हाच ठरवलं होतं. पाना हातात घ्यायच्या आधी वॉरंटीचे कागद मात्र नीट वाचून काढले. कुठे अधिकृत केंद्राचा शिक्काच लागतो, कुठे बिलं आणि नोंद पुरते, हे कंपनीगणिक वेगळं असतं. माझ्या कागदांत आडकाठी नव्हती. ठरलेल्या प्रतीचं ऑइल वापरा आणि काय केलं ते लिहून ठेवा, एवढंच म्हटलंय. म्हणून ही वही.

काल एकाने विचारलंच, "नव्या गाडीला कसली सर्व्हिसिंग? अजून काही बिघडलंय का?" बिघडलेलं काहीच नाही, आणि म्हणूनच ती आत्ता करायची. सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांचे उंचवटे घासत घासत भिंतीशी जुळतात. गिअरचे दात, क्लचच्या प्लेटा, सगळेच या पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांशी बसतात. ही झीज हवीच असते. तिचा चुरा मात्र ऑइलमध्ये उतरतो आणि फिरत राहतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे तिघांचाही कचरा एकाच जागी. फिल्टर मोठे कण अडवतो, अगदी बारीक कण त्याच्यातून सटकतात. माझ्या माहितीपुस्तिकेत पहिलं ऑइल ५०० ते ७५० किलोमीटरच्या दरम्यान बदला असं आहे आणि पुढचे पल्ले मात्र हजारांत आहेत.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद केलं. ऑइल कोमट हवं. गार असेल तर तळाशी चिकटून राहतं, फार गरम असेल तर हात भाजतो आणि शेजारचा सायलेन्सर तर भाजतोच. हातमोजे घातले. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही, आणि नखांतली काळी रेघ चार दिवस जात नाही ती वेगळीच. भरायच्या तोंडाचं झाकण आधी सैल केलं, म्हणजे वरून हवा आत जाते आणि धार सलग लागते. मग खाली ट्रे सरकवला आणि ऑइल सोडायच्या बोल्टला, म्हणजे ड्रेन बोल्टला, सॉकेट लावलं.

बोल्ट सुटताना शेवटचे दोन-तीन आटे बोटांनीच फिरवायचे आणि फिरवताना तो वर दाबून धरायचा. मग झटकन बाजूला घ्यायचा. असं केलं की बोल्ट ट्रेत पडत नाही आणि धार मनगटावरून कोपरापर्यंत येत नाही.

आणि मग ते ऑइल. मी बराच वेळ तिथेच उकिडवी बसून होते. रंग फारसा काळा नव्हता, मधासारखा रंग जाऊन तपकिरी झाला होता. पण ट्रे उन्हात तिरका केला तर आत अतिशय बारीक रुपेरी चमक हलताना दिसली. वाचलेलं होतं, तरी स्वतःच्या गाडीतून निघालेली पाहिली की पोटात किंचित गोळा येतोच. थोडं ऑइल दोन बोटांत घेऊन चोळलं. खरखर अजिबात नाही. चमक असणं या टप्प्यावर ठीक. नखाला लागेल असा कपचा किंवा पापुद्रा सापडला असता तर मी पुढे काही न करता गाडी थेट वर्कशॉपला नेली असती.

माझ्या गाडीच्या ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा जमला होता. फडक्याने पुसला तर फडक्यावर पट्टा उमटला, बारीक आणि एकसारखा. चुंबक फक्त लोखंड-पोलाद धरतं. पिस्टनचं अॅल्युमिनियम किंवा क्लचचा भुसा त्याला चिकटत नाही, तेव्हा चुंबक स्वच्छ दिसलं म्हणजे सगळं आलबेल असं धरून चालायचं नाही. त्या पट्ट्याचा फोटो काढून ठेवलाय. पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला. लगदा कमी व्हायला हवा. वाढला, तर तेव्हा बोलू.

धार संपून थेंबांवर येते तेव्हा गाडी सरळ उभी धरली की अजून थोडं निघतं. हे काम धाकट्या भावाचं. तो गाडी धरायला आला आणि मग पुस्तिका उघडून तिथेच बसला, फार उपयोगाचा निघाला.

"ताई, यात ऑइलचे तीन आकडे दिलेत. नुसतं काढल्यावर एक, फिल्टर बदलल्यावर दुसरा, आणि इंजिन उघडल्यावर तिसरा."

"मधला."

"अकराशे मिली. आणि डब्यावर १२०० लिहिलंय."

म्हणूनच डबा सबंध ओतायचा नसतो. तळ, नळ्या, कोपरे यांत जुनं ऑइल थोडं राहतंच. ते धरूनच मधला आकडा काढलेला असतो.

फिल्टर बदलायला तीन बोल्टांचं झाकण, आत एक स्प्रिंग, मग कागदी फिल्टर. फिल्टरच्या एकाच बाजूला मोठं भोक आहे आणि ती बाजू आत जाते. उलटा बसवला तरी झाकण आपलं मुकाट लागतं, हीच त्यातली गोम. पण मग ऑइलची वाट अडते आणि इंजिन कोरडं पडतं. जुना काढतानाच त्याची दिशा मोबाईलमध्ये टिपून घेतली होती. झाकणाची रबरी रिंग नवी, तिला बोटाने ऑइल लावून खाचेत बसवली. ड्रेन बोल्टचा वायसरही नवा. तो मऊ अॅल्युमिनियमचा असतो आणि दाबला जाऊनच गळती थांबवतो. एकदा दाबलेला पुन्हा तसा दबत नाही, म्हणून दर वेळी बदलायचा.

आता घट्ट करणं. यावर माझं मत पक्कं आहे, लोकांना ते पुस्तकी वाटतं. मुरलेल्या मेकॅनिकचा हात हजारो बोल्टांवर तयार झालेला असतो. त्याला पाना न बघताही कळतं. माझा हात तसा नाही. बोल्ट पोलादाचा, इंजिनचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा. जोर जास्त झाला तर हार अॅल्युमिनियमची. आटे गेले की किरकोळ कामाच्या जागी अख्ख्या खालच्या भागाचं दुखणं. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की वाजणारा पाना. पुस्तिकेत २४ न्यूटन-मीटर दिलंय. आधी बोल्ट हाताने पूर्ण फिरवला, आटे सरळ धरले आहेत याची खात्री केली, मग रेंच लावला. हळू, सलग ओढ. 'कट्ट'.

भाऊ म्हणाला, "एवढंच? हे तर सैलच वाटतंय."

सगळ्यांना तसंच वाटतं. एकदा कट्ट झालं की थांबायचं. खात्रीसाठी म्हणून पुन्हा-पुन्हा वाजवलं की दर वेळी तो थोडा पुढे सरकतो. काम झाल्यावर रेंचची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून पेटीत ठेवली.

नवं ऑइल १० डब्ल्यू ४०, जासो एमए२ प्रतीचं. ऑइल निवडताना लोक घट्टपणाच्या आकड्यांवर वाद घालतात आणि डब्यामागचा जासोचा हा छोटा चौकोन बघतच नाहीत. मोटारींच्या ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं वाढत गेली. मोटरसायकलचा क्लच मात्र त्याच ऑइलात बुडलेला असतो आणि तो घर्षणावरच चालतो. ऑइल फार निसरडं असेल तर क्लच घसरतो. रेस वाढते, गाडी वाढत नाही. म्हणून जासोने, म्हणजे जपानी वाहन-मानक संस्थेने, १९९८ मध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी वेगळी प्रतवारी आणली. एमए म्हणजे ऑइलात भिजलेल्या क्लचला चालणारं, एमए२ त्यातलं जास्त पकड देणारं, आणि एमबी कमी घर्षणाचं, साधारणपणे स्कूटरींसाठी, कारण त्यांचा क्लच बाहेर कोरडा असतो. बाकी ब्रँडवरून भांडायला माझ्याकडे वेळ नाही.

भरून झाल्यावर इंजिन मिनिटभर चालवलं, बंद केलं, तीन मिनिटं थांबले. ऑइल खाली उतरू द्यावं लागतं. गाडी सपाट जागी आणि सरळ. साइड स्टँडवर मोजलं तर आकडा खोटाच येणार. माझ्या गाडीत मापपट्टी पुसून नुसती टेकवायची आहे, आट्यात फिरवायची नाही. काही गाड्यांत उलटं असतं, ते ज्याने-त्याने आपापल्या पुस्तिकेत बघावं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या किंचित खाली आली. तिथेच सोडली. वरपर्यंत भरण्यात शहाणपण नाही. जादा ऑइल फिरत्या भागांनी घुसळून फेसाळतं आणि इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात चढतं.

दुपारी चेन. खरं तर ऑइलपेक्षा मला चेनचंच काम जास्त आवडलं, कारण तिथे विचार करावा लागतो.

नवी चेन सुरुवातीला सैल पडते हे माहीत होतं. पुस्तिकेत खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटांच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध, वर-खाली मिळून २५ ते ३५ मिलिमीटर हालचाल हवी असं आहे. पट्टी उभी धरून मोजली तर ३८. चाक थोडं फिरवून पुन्हा मोजली, ३४. आणखी फिरवली, ३९. चेन सगळीकडे सारखी नसते. जिथे सर्वांत ताणलेली आहे ती जागा शोधून तिथेच माप घ्यायचं. सैल जागी बघून ताणली, तर घट्ट जागा आल्यावर ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि बेअरिंगला ओढत राहते. घट्ट जागी ३४ म्हणजे अजून हद्दीत, पण काठावर. ३० वर आणायचं ठरवलं.

ढील का ठेवायची हेही तिथे बसून नीट कळलं. मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होतं ते स्विंगआर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खिळीभोवती, आणि पुढचं स्प्रॉकेट त्या खिळीच्या थोडं पुढे आहे. दोघांची केंद्रं एक नाहीत, म्हणून सस्पेन्शन हललं की चेनचं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, खिळी आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वांत जास्त ताणलेली असते. भावाला सीटवर दाबून बसवलं आणि पट्टी लावली तर फरक डोळ्यांना दिसला. स्टँडवर 'मस्त टाइट' वाटणारी चेन दोघं बसल्यावर किती ताणली जात असेल, ते मग वेगळं सांगावं लागलं नाही.

एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर पाव-पाव फेरा, आलटून पालटून. स्विंगआर्मवर खुणा आहेत, पण पत्र्यावर उमटवलेल्या खुणांवर माझा पूर्ण भरवसा नाही. खिळीच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंत दोन्हीकडे टेपने मोजलं. मग चाक फिरवून मागून बघितलं की चेन स्प्रॉकेटच्या दातांच्या मधोमध चालते का. नट टॉर्कला लावला आणि पुन्हा माप घेतलं, कारण आवळताना चाक केसभर सरकतं. ३० ठरवलं होतं, ३१ आलं. राहू दिलं.

माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे. चाक मागे सरकलं की ब्रेकची सळई ताणली जाते, पेडलची मोकळी चाल कमी होते आणि शू घासायला लागतात. चेन ताणून उठून जाणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. चाक हाताने फिरवलं तेव्हा हलकीशी खस्स ऐकू आली. सळईचा नट दोन खाचा मागे घेतला, पेडलची चाल २५ मिलिमीटरवर आणली. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा वेळेवर लागतो ना तेही बघितलं.

चेन धुतली रॉकेलने आणि मऊ ब्रशने. ओ-रिंगची चेन आहे. पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस त्या रबरी कड्यांनी आत कोंडून ठेवलेलं असतं, पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने तीच कडी जातात. वंगण चेनच्या आतल्या बाजूला, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकून चेन पुसणारे पाहिलेत मी. चिंधी ओढली गेली की मागोमाग बोटं जातात, आणि स्प्रॉकेट बोट बघून थांबत नाही.

बाकीचं भरभर. क्लचच्या लिव्हरची मोकळी चाल १५ मिलिमीटर, आहे तशी ठेवली. अॅक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप परत येतो, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही. पुढच्या ब्रेकचं ऑइल खुणेच्या वर. टायरची हवा टायर गार असताना. बॅटरीची टर्मिनलं घट्ट. सायलेन्सर आणि इंजिनच्या माउंटिंगचे बोल्ट रेंचने तपासले, एकच पाव फेरा फिरला, बाकी जागचे हलले नाहीत. सगळे आकडे वहीत उतरवले. यंत्र ठीक असताना घेतलेली मापं हातात असली तरच पुढे काय बदललं ते कळणार.

सोमवार

सकाळी गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला होता, तो कोरडा. ड्रेन बोल्टभोवती बोट फिरवलं, कोरडं. पातळी पुन्हा बघितली, तीच.

वॉल्व्हचं अंतर मी मोजलं नाही. ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतं, इंजिन पूर्ण गार लागतं, आणि पिस्टन नेमका वर आणून ठेवावा लागतो. सैल वॉल्व्ह टिकटिक वाजतो, म्हणजे निदान सांगतो तरी. घट्ट झालेला गप्प असतो, पूर्ण मिटत नाही आणि जळतो. म्हणून आवाज येत नाही यावर निर्धास्त राहणं मला पटत नाही. हे काम वर्कशॉपमध्येच करून घेणार आहे, पण शेजारी उभी राहून, आणि निघालेला आकडा त्यांच्याकडून लिहून घेऊन.

वापरलेलं ऑइल नव्याच्या रिकाम्या डब्यात भरून वर मोठ्या अक्षरांत 'जुनं' लिहिलंय. वर्कशॉपवाले त्यांच्या पिंपात घेतो म्हणालेत. जुना फिल्टर पिशवीत उलटा निथळतोय. शनिवारी दोन्ही नेऊन द्यायचे.