पोट दुखते म्हणजे पित्तच झाले, असे नाही

गेल्या मे महिन्यात रात्री दोनच्या सुमारास दादा अंथरुणावर उठून बसला होता. चादरीची वळकटी पोटाशी घट्ट धरून तो पुढे वाकला होता, कारण पाठ टेकली की बेंबीच्या वरची कळ थेट पाठीत जात होती. त्याला किडनी बसवून सहा वर्षे झाली आहेत; ती आमच्या आईची आहे. रात्री कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी जरा जास्तच झाली, तेव्हा पित्त खवळले असेल, असे आम्ही सगळ्यांनी धरून चालले.

जवळच्या दवाखान्यातही पित्ताचेच निदान झाले आणि डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन भरायला घेतले गेले. वहिनीने "हे किडनीला चालते का?" असे विचारले, म्हणून ते टळले. या जातीची वेदनाशामके बसवलेल्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, हे तिच्या लक्षात होते, याबद्दल मी तिचा कायम ऋणी राहीन.

सकाळी रक्त काढले तेव्हा थोड्या वेळाने नळीत वरच्या बाजूला दुधासारखा पांढरा थर दिसू लागला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक चरबी, हजाराच्या वर गेले होते आणि त्यामुळे स्वादुपिंडाला, म्हणजे जठरामागच्या पाचकरस बनवणाऱ्या ग्रंथीला, सूज आली होती. किडनी बसवलेल्यांना हा धोका एकाच वाटेने येत नाही. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन आणि सिरोलिमस यांनी रक्तातील चरबी वाढू शकते. त्यांतल्याच ॲझाथायोप्रिनमुळे काहींना, बहुधा औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, थेट स्वादुपिंडदाह, म्हणजे ही सूज, होतो. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने सायटोमेगॅलो विषाणू डोके वर काढतो आणि स्वादुपिंडालाही सूज आणू शकतो. आणि डायलिसिसच्या काळात बिघडलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या) नंतरही रक्तातील कॅल्शियम चढे ठेवतात, आणि त्यानेही ही सूज येऊ शकते. पित्ताशयातील खडे आणि दारू ही सर्वांना लागू असणारी कारणे आहेतच.

निदानही सरळ नसते. स्टेरॉइडमुळे दुखणे आणि ताप दबून राहू शकतात, त्यामुळे पोट हाताला मऊ लागले म्हणून निर्धास्त होता येत नाही. रक्तात अमायलेज किंवा लायपेज ही स्वादुपिंडाची पाचकद्रव्ये सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे ही निदानाची एक खूण मानली जाते. पण किडनीचे काम मंदावले असेल तर ही दोन्ही थोडी वाढलेली असू शकतात, आणि रक्तात चरबी फार असेल तर अमायलेज खोटेच सामान्य दिसू शकते. म्हणून दादाच्या किडनीच्या डॉक्टरांनी लायपेज आणि सोनोग्राफी दोन्ही करायला लावली.

मला सर्वांत जास्त भीती वाटली ती उलट्यांची. सकाळी आठची टॅक्रोलिमस या किडनी टिकवणाऱ्या औषधाची कॅप्सूल वीस मिनिटांत बाहेर पडली, आणि ती अख्खीच्या अख्खी मोरीत पडलेली मी पाहिली. त्या औषधाची रक्तातील पातळी घसरली तर शरीर किडनी नाकारू शकते, शिवाय अंगातले पाणी आटले तर तिलाच मार बसतो. अशा वेळी डोस पुन्हा द्यायचा की थांबायचे, हे घरच्यांनी ठरवू नये. आम्ही फोन केला, आणि सलाइन लावण्यासाठी दादाला लगेच दाखल करून घेतले गेले.

नऊ दिवसांनी तो घरी आला. किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन चढले होते, ते पुन्हा पूर्वीइतके झाले आहे. वहिनीने त्याच्या गोळ्यांच्या डबीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर किडनीच्या डॉक्टरांचा नंबर आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : दुखण्याचे इंजेक्शन विचारल्याशिवाय देऊ नये, पोट दुखल्यास लायपेज पाहावे.