भाज्याचे कललेले खांब

वास्तुकला महाविद्यालयात शिकवू लागलो त्या पहिल्याच वर्षी मी विद्यार्थ्यांना मोजणीसाठी लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या बौद्ध लेण्यांत नेले होते. मळवली स्थानकावर उतरून आम्ही सकाळीच वर पोहोचलो आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील तिथल्या चैत्यगृहाचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाचा, आडवा छेद काढण्याचे काम मी चौघांच्या एका गटाकडे सोपवले.

तासाभराने त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. "सर, खांब ओळंब्यात नाहीत." वाऱ्याने ओळंब्याची, म्हणजे खाली वजन बांधलेली, दोरी हलली असेल, पुन्हा मोज, असे मी जरा तुटकपणेच सांगितले. तिने पुन्हा मोजले, शेजारचा खांब मोजला, समोरच्या रांगेतलेही मोजले, आणि मला हाताला धरून नेल्यासारखे तिथे उभे केले. साध्या अष्टकोनी खांबाच्या वरच्या कडेला दोरी टेकवली की खाली लंबक पायापासून चार बोटांहून अधिक सुटत होता, आणि दोन्ही रांगांत तो मधल्या दालनाच्याच बाजूला सुटत होता. चूक मोजणीत नव्हती. खांबच आत कलते कोरलेले होते.

लेणी म्हणजे लाकडी बांधकामाची दगडातली प्रतिकृती, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दोरीपाशी कळला. कमानदार लाकडी छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार खांब आत झुकवून रोवतो. डोंगर पोखरून केलेल्या दालनात असा रेटा नसतोच, तरीही पाथरवटांनी तो झुकाव इमानाने दगडात उतरवला, कारण सभागृह असेच असते, हे त्यांच्या हाताला माहीत होते. पुढे दर्शनी भागाशी गेलो, तर तिथल्या खडकात चौकोनी खाचा होत्या. नाहीशा झालेल्या लाकडी दर्शनी भिंतीचे वासे त्यांत बसवलेले असत. एका मुलाने आपली मूठ एका खाचेत घालून पाहिली.

दुपारी कार्यक्रमात नसताना मी सर्वांना दरीपलीकडच्या कार्ल्याला नेले. एकवीरेच्या देवळाजवळचे ते चैत्यगृह भाज्यानंतर साधारण दोन-अडीच शतकांनी कोरलेले; वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे सावकाराने, तिथल्या कोरीव लेखात त्याला जंबुद्वीपातले, म्हणजे भारतवर्षातले, उत्तम शैलगृह म्हटले आहे, आणि आत उभे राहिल्यावर ते शब्द मला मुळीच अतिशयोक्तीचे वाटले नाहीत. स्तूपाभोवतीचे धरून तिथे 37 खांब आहेत. त्याच मुलीने ओळंबा सोडला. दोरी सरळ उतरली. तोवर पाथरवटांचा दगडावर विश्वास बसला होता, असे मला वाटते. छताला मात्र त्यांनी लाकडी फासळ्या बसवल्याच आणि त्या आजही जागेवर आहेत.

संध्याकाळी गाडीत तिने भाज्याचा छेद माझ्यासमोर धरला. सकाळी सरळ काढलेले दोन्ही खांब तिने खोडून कलते काढले होते आणि शेजारी ओळंब्याची तुटक रेघ दाखवली होती.