आमची वाटचाल : घमेलंभर सामान आणि एक चप्पल

“मी फाटकी चप्पल बोलतेय.” मुलांसाठीच्या आमच्या गोष्टी लिहिण्याच्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहितो आणि पुसून टाकतो. आत्मवृत्ताच्या निबंधाला मुलांचा हात इतका बसलेला असतो की कुठलीही वस्तू दिली तरी ती चौथ्या ओळीत रडते आणि शेवटी “मला समुद्रात टाकू नका” म्हणते. आमचा धंदा (हो, धंदाच) या शेवटच्या ओळीशी भांडत उभा राहिला.

सुरुवात रत्नागिरीत, मैत्रिणीच्या पडवीत. नऊ मुलं, दोन चटया आणि भाट्याच्या किनाऱ्यावरून उचललेलं घमेलंभर सामान: जाळ्याचा तुकडा, औषधाची बाटली, नारळ, एका पायाची चप्पल. त्या बॅचचं लेखन आज वाचवत नाही, पण चूक मुलांची नव्हती. वस्तूला काय वाटतं, असं आम्ही विचारत होतो. तिला काय माहीत असू शकतं, ते विचारायला हवं होतं.

हे शिकवलं मिरकरवाड्याच्या, म्हणजे रत्नागिरीच्या मच्छीमार बंदरावरच्या, एका आठवीतल्या मुलाने. नमुना म्हणून मीच लिहिलेलं वाचून दाखवत होते: अष्टमीच्या चांदण्यात चप्पल भरतीबरोबर पार सुरूच्या झाडांपर्यंत येते. तो म्हणाला, “मॅडम, अष्टमीला भांग असतो, भरती छोटी. पाणी तिथवर चढतच नाही. अमावास्या करा.” केली. चांदणं गेलं, माझी दोन लाडकी वाक्यं गेली, आणि चपलेकडे फक्त वाळूचा खरखरीतपणा उरला. गोष्ट तिथून चांगली झाली.

टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा बादली आली. बादलीत पाणी, मूठभर मीठ, घरातली एक वस्तू. बूच लावलेली रिकामी बाटली वर तरंगते, म्हणून तिला वारा ढकलतो. अर्धी भरलेली बरीचशी पाण्याखाली राहून तरंगते, ती प्रवाहाचं जास्त ऐकते. एकाच ठिकाणी पडल्या तरी दोघींच्या वाटा वेगळ्या. कथानक म्हणजे काय, हे मला याहून सोपं समजावता आलेलं नाही.

मोठ्या मुलांना आम्ही 1992 सालच्या खेळण्यांची खरी हकीकत देतो. त्या जानेवारीत पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून कंटेनर पडले आणि 28,800 खेळणी पाण्यात गेली. एका पुठ्ठ्यावर चौघं: पिवळं बदक, लाल बीव्हर (नदीत बांध घालणारा प्राणी), निळं कासव, हिरवा बेडूक. पुठ्ठा भिजून सुटला. काही खेळणी दहा महिन्यांनी अलास्कात लागली. प्रसिद्धी मात्र बदकांनाच. एका मुलीचा बीव्हर लिहितो, “ज्याला सापडलो, तो मला कुत्रा म्हणाला.”

एका शाळेने वर्षभराचं काम देऊ केलं, पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी संदेश हवा होता. आम्ही नाही म्हटलं. त्या वर्षी मैत्रिणीने गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि भाडं तिनेच भरलं. अजून टोमणा मारते.

आमचा हंगाम पावसाळ्याचा. पहिल्या उधाणानंतर दोघी पोती घेऊन भाट्याला जातो. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाड्यातल्या आजोबांना सवड असते. दोरा बघून ते जाळं ओळखतात. भांगवाला मुलगा आता बारावीत आहे. नव्या बॅचची तारीख छापायला देण्याआधी तिथी त्याच्याकडून तपासून घेतो.