दसऱ्याला उचललेली हत्यारं

यंदाच्या दसऱ्याला आमच्या कंपनीला ४० वर्षं झाली. बाबांनी १९८५ च्या दसऱ्याला सुरू केली तेव्हा कंपनी वगैरे काही नव्हतं, बाबा, एक सुतार मिस्त्री, दोन गवंडी आणि उधारीवर आणलेल्या बल्ल्या. आता दादा ऑफिस आणि हिशोब बघतो, मी सिव्हिल करून साइटवर असते. जुन्या इमारतींची दुरुस्ती एवढंच आमचं काम, नवीन बांधकाम आम्ही घेतच नाही.

संध्याकाळी दादरला हॉल घेतलेला, रिटायर झालेले कारागीर कोकणातून मुद्दाम आलेले. सकाळी गोडाऊनमध्ये पूजा झाली. थाप्या, ओळंबे, गुण्या, पटाशा, रंधे, लोखंडी जॅक, आणि मधोमध बाबांचा जुना हातोडा, सगळ्यावर हळदकुंकू आणि झेंडू. आमच्याकडे दसऱ्याला पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हलवत नाही, ४० वर्षांत कोणी हलवलं नव्हतं.

साडेअकराला बाबांच्या फोनवर गिरगावातल्या एका चाळीत राहणाऱ्या काकूंचा फोन आला. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली, रात्रीपासून दार लागत नव्हतं आणि सकाळी बघतात तर संडासाच्या भिंतीकडची फरशी खाली बसलेली. बाबांनी फक्त चाळीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "तिसरी तुळई." मला काहीच कळलं नाही. त्यांनी सरळ पाटावरचा हातोडा उचलला, कुंकू न पुसता, आणि मिस्त्रींना म्हणाले जॅक गाडीत टाका. आई काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

गाडीत सांगितलं त्यांनी. ही चाळ म्हणजे त्यांचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. मजल्याचा भार पेलणाऱ्या तीन लाकडी तुळया दुरुस्तीला आल्या होत्या, मालकाने दोघींचेच पैसे दिले. भाडी कायद्याने १९४० च्या पातळीला गोठलेली, त्यामुळे गिरगावात अशा चाळींवर खर्च करायला तेव्हाही कोणी तयार नसायचं. तिसरी तेव्हा त्यातल्या त्यात बरी होती, अजून काही वर्षं गेली असती, म्हणून बाबांनी वहीत लिहून ठेवलं आणि पुढची चार-पाच वर्षं येताजाता जाऊन ठोकून बघायचे. मग काम वाढलं, १९९५ ला मुंबईत हेरिटेजचे, म्हणजे जुन्या वारसा इमारती जपायचे नियम आले, फोर्ट भागातली दगडी कामं मिळायला लागली, चुन्याचं काम येणाऱ्या माणसाला परत मान आला, आणि गिरगावातली चाळ राहून गेली. "मी जायचा थांबलो," एवढंच म्हणाले.

काकूंच्या खालच्या, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या खोलीत गेलो, कारण तुळई तिथून छताला दिसते. त्या घरात श्रीखंडपुरीचं ताट वाढलेलं, ते तसंच उचलून शेजारी नेलं आणि पलंग बाहेर काढला. वर बघितलं तर बाबांच्या दोन तुळया, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल लावून बोल्ट मारलेल्या, गंज लागू नये म्हणून लावलेल्या रेड ऑक्साइडचे पोपडे निघालेत पण बोल्ट एकही ढिला नाही. हातोडा मारला, ठण्ण. तिसरी मधोमध तर इतकी सुंदर दिसत होती, जुनं बर्मा सागवान, तेलकट चकाकी असलेलं. भिंतीत जाते तिथे मारला तर बद्द आवाज. स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा टोकाला काळा ओला भुगा.

कारण भिंतीवरच दिसत होतं. भिंत चुन्यात बांधलेली, पलीकडे संडास, आणि मध्ये कधीतरी कोणीतरी ओल येते म्हणून तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर थापलेलं. चुन्याच्या भिंतीतली ओल वाळून बाहेर जाते, सिमेंटने तिचं तोंडच बंद केलं, मग ते पाणी जाणार कुठे, तुळईच्या टोकात मुरलं. हे इतक्या इमारतींत बघितलंय की आता सिमेंट कालवलेलं घमेलं जुन्या भिंतीजवळ दिसलं तरी माझ्या पोटात कालवतं.

टेकू द्यायचे तर तळापासून द्यावे लागतात, नाहीतर वरचा सगळा भार मधल्या जमिनीवर येतो आणि तीच बसते. तळाला झेरॉक्सचं दुकान, मशीनला हार घातलेला, दुकानदाराने एक शब्द न बोलता पोरांना हाताशी घेऊन मशीन बाहेर रस्त्यावर काढलं. खाली जाड फळी, तिच्यावर जॅक, बरोब्बर त्याच रेषेत वर पहिल्या मजल्यावर दुसरा जॅक, ओळंबा सोडून जागा धरली. मी जॅक आवळत होते आणि बाबा तुळईला हात लावून उभे. मला वाटलं अजून दोन आटे दिले तर काकूंची फरशी लेव्हलला येईल. बाबा म्हणाले, "थांब, टेकू टेकवायचा, उचलायचा नाही." एवढ्या वर्षांत हळूहळू बसलेली इमारत एका दुपारी उचलली तर वरच्या भिंती फाटतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी हात पुढे गेलाच होता.

चार जागी टेकू लागेपर्यंत सात वाजले. दादाचे फोन चालूच होते, पाहुणे आले, सत्कार कोणाचा करू. बाबा म्हणाले कारागिरांचा कर, जेवणं वाढ. आम्ही पोचलो नाहीच.

शेवटी काकूंच्या खोलीत भिंतीला गेलेल्या तड्यावर काचेची छोटी पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि तारीख लिहिली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. काकूंना म्हटलं तुम्ही आजची रात्र बहिणीकडे जा, तर त्या बाबांकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही मालकाशी भांडला होतात, मी नवी नवरी होते, जिन्यात उभं राहून ऐकत होते." बाबांना उत्तर देता आलं नाही, त्यांनी खिशातून चुरगळलेली आपट्याची पानं काढून त्यांच्या हातात दिली आणि पाया पडले.

सिमेंट काढून झालंय. या आठवड्यात कुजलेलं टोक कापून चॅनल लावतोय, टोकाभोवती भिंतीत हवा खेळायला जागा सोडून. बाबा रोज सकाळी आधी गिरगावात जाऊन येतात. काच अजून अख्खी आहे.